एकशे बेचाळीस नंबरचा फिल्टर

माझा भाऊ लेन्स घेऊन आला तेव्हा ती टॉवेलात गुंडाळलेली होती, आणि टॉवेल त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. अख्खा जिना चढून आला, पण कठड्याला बोट लावलं नव्हतं. दारातूनच म्हणाला, "ताई, आधी ही घे. चपला मग काढतो."

"बाँब आहे का रे?"

"माझ्या हातात दिलं की कशाचाही बाँबच होतो," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. हा विनोद आमच्या घरात सत्तेचाळीस वर्षं चालू आहे.

घरात त्याला धसमुसळ्या म्हणतात. त्याच्यावर पहिला शेरा मारला बाबांनी, नाव पाडलं मी. पाहुण्यांसाठी काचेचे पेले काढले की त्याच्यासमोर न विचारता स्टीलचा यायचा. त्याच्या लग्नात आमच्या मामांनी नव्या नवरीला बजावलं होतं, "काचसामान वरच्या फळीवर ठेव, आणि याला स्टूल देऊ नकोस." तीही बिचारी हसली. पुढे पुढे दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत तो स्वतःच म्हणायला लागला. आता छप्पन्न वर्षांचा आहे, विमा कंपनीच्या कचेरीत पंधरा माणसांचा साहेब आहे, आणि घरातला बल्ब गेला की शेजाऱ्याला हाक मारतो.

मी कॅमेरे दुरुस्त करते. जुने, फिल्मचे. खाली बाबांचा स्टुडिओ होता तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. वरची ही खोली तेवढी मी राखून ठेवली आहे. उत्तरेची मोठी खिडकी, खिडकीखाली बाबांचं कामाचं टेबल, त्याला अठरा छोटे कप्पे. प्रत्येक कप्प्यावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: स्क्रू, स्प्रिंगा, काचा, रबर. शेवटच्या कप्प्यावर लिहिलंय 'देव जाणे'. कुठून निघाले आणि कुठे बसवायचे होते ते आठवत नाही, असे सगळे भाग त्यात जातात. माझ्या काळात तोच कप्पा जास्त भरला, हे कबूल करते.

"रविवारी पोरगी जातेय," भाऊ म्हणाला. पोरगी म्हणजे त्याची एकुलती एक लेक, माझी भाची. तीन वर्षांसाठी शिकायला लांब निघाली होती. "जायच्या आधी तिचा एक फोटो काढायचाय. बाबांच्या लेन्सने, काळा-पांढरा, पिवळा फिल्टर लावून. तुझा आहे तसा, आपल्या आत्याचा आहे तसा. तिचाच राहिलाय."

"मग काढ की. अडवलंय कोणी?"

"पिवळा लावायचा तर आधीचा साधा निघायला हवा ना. तो मी अडकवून ठेवलाय." हे त्याने अगदी सहज सांगितलं, आपण आपला रक्तगट सांगतो तसं. "तू तो काढ, पिवळा तूच लाव, आणि फोटोही तूच काढ बाई. मी कशाला हात लावत नाही."

 तो फिल्टर त्याने अडकवलाच नव्हता. मी अडकवला होता, आणि हे मला सोडून कोणालाही माहीत नव्हतं, असं त्या दुपारपर्यंत मी समजत होते.

ती लेन्स आली तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो. (नवरा हे ऐकून आहे, त्याची हरकत नाही.) कंपनीने कसल्याशा वर्धापनाला फक्त तीनशे लेन्स बनवल्या होत्या. बाबांनी नाव नोंदवून चौदा महिने वाट पाहिली. पोस्टातून खोकं आलं तेव्हा त्यांनी ते लगेच उघडलं नाही. आधी कोपरापर्यंत हात धुतले, टेबल पुसलं, खिडकी लावून घेतली, आणि मग आम्हा सगळ्यांना बोलावलं. आई हातातलं पीठ न धुता आली म्हणून तिला दारातच थांबवलं.

लाकडी पेटी, आत निळी मखमल. मखमलीत चार खळगे. एकात लेन्स, एकात साधा बिनरंगाचा फिल्टर, एकात पिवळा, आणि एकात हूड. हूड म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायची धातूची टोपी. आडवा उजेड आत शिरू नये म्हणून. चौघांवरही बारीक आकड्यांत एकच नंबर कोरलेला होता, तीनशेपैकी एकशे बेचाळीस.

"घरातल्या भांड्यांवर नाव घालून आणा म्हणून मी दहा वर्षं सांगतेय," आई दारातून म्हणाली, "आणि यांच्या टोपीवरसुद्धा नंबर!" मग हूड पाहून म्हणाली, "अहो, ही तर लेन्सहून मोठी दिसते. नाकापेक्षा मोती जड!"

बाबांना त्या दिवशी काहीही बोललेलं चालत होतं. त्यांनी आधी साधा फिल्टर लेन्सवर फिरवून बसवला, मग त्या फिल्टरच्या पुढच्या आट्यांत हूड फिरवून बसवलं. दोन वेगळी कामं, मध्ये एक श्वास. "फिल्टर लेन्सला, हूड फिल्टरला," ते आम्हाला म्हणाले. "एकेक करून. दोन्ही एकदम कधी नाही. घाई असेल त्याने आगगाडी चालवावी."

त्या दिवसांत आमच्या घरातला प्रत्येक रविवार म्हणजे त्या लेन्सचा सोहळा असायचा. सकाळी खिडकीचा उजेड नरम असताना कोणाला तरी स्टुलावर बसवायचं आणि फोटो काढायचा. साधा फिल्टर काढून पिवळा चढवायचा. पिवळ्यातून काळ्या-पांढऱ्या फोटोत चेहरा उजळ यायचा, गालावरचे डाग फिके पडायचे. मी पेटी धरून उभी राहायची आणि भाऊ हूड धरून. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. बाबा आटे जुळवत असताना हे पोर श्वाससुद्धा घ्यायचं नाही. आठवडाभर मग स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं उघडायचा आणि लावायचा, डोळे मिटून, कान झाकणाला लावून. आई वैतागायची. बाबा मात्र खूश असायचे. "याला दहावं लागलं की टेबलावर बसवतो," म्हणायचे. मी तीन वर्षांनी मोठी, वर डावखुरी. मला कोणी टेबलाचं विचारलं नव्हतं. माझा त्यावरून जळफळाट व्हायचा, हे लपवून आता काय उपयोग.

फिल्टर अडकला त्या दुपारी बाबा डार्करूममध्ये होते आणि आई झोपली होती. मी पेटी उघडली. बाबांना जमतं ते मला त्यांच्याहून लवकर जमतं एवढंच मला सिद्ध करायचं होतं, तेही कोणी बघत नसताना. म्हणून मी युक्ती काढली: हूड आणि साधा फिल्टर आधीच हातात एकमेकांना जोडले आणि दोन्ही मिळून एकदम लेन्सवर फिरवायला लागले. कॅमेऱ्याच्या धंद्यातला प्रत्येक शहाणा आयुष्यात एकदा ही युक्ती काढतो. होतं काय, की हूडच्या वजनाने फिल्टर एका बाजूला कलतो आणि आटे तिरके चढतात. मला ते जड लागलं, म्हणून मी जोर लावला. कर्र असा आवाज आला आणि फिल्टर तिथेच बसला, वाकडा. पुढेही जाईना, मागेही येईना.

हूड कसंबसं सुटलं. मी सगळं मखमलीत ठेवलं, पेटी लावली, आणि पडद्यामागच्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडून बसले. पाच मिनिटांनी भाऊ आला. त्यालाही तेच हवं होतं, पण त्याने बाबांसारखे हात धुतले, हे मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. त्याने लेन्स काढली, हूड घेतलं, आणि अगदी हळू फिरवायला लागला. तेवढ्यात डार्करूमचं दार उघडलं.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, आठवडाभरात विसरलो असतो. त्यांनी लेन्स त्याच्या हातातून घेतली, उजेडात धरली, वाकडा बसलेला फिल्टर पाहिला, एकदा फिरवून पाहिला. मग लेन्स खाली ठेवून त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उताणे केले आणि म्हणाले, "हा हात जड आहे. या हाताने काचेचं काम व्हायचं नाही."

त्याने मान हलवली. त्याला खरंच वाटलं, की हूड फिरवताना त्याच्याच हातून फिल्टर आवळला गेला. आणि मी पडद्यामागे मूग गिळून बसले.

पुढच्या महिन्यात बाबांनी मला टेबलावर बोलावलं. डावखुरीला शिकवायला कठीण, म्हणून ते माझ्यासमोर बसायचे आणि सगळं आरशातल्यासारखं उलटं करून दाखवायचे. किती चांगले दिवस होते ते! शाळेतून आलं की वर पळायचं. बेन्झिनचा वास, रेडिओवर कमी आवाजात गाणं, बाबांच्या कपाळावर चढवलेलं भिंग. त्यांनी मला आटे वाचायला शिकवलं. गिऱ्हाईक अडकलेला फिल्टर घेऊन आलं की ते तो सोडवायचे आणि मला विचारायचे, "सांग, कोणाचा उद्योग?" लेन्सवरच्या नंबराच्या उजव्या अंगाला आटे दबलेले असले तर उजव्या हाताचा माणूस; डाव्या अंगाला असले तर डावखुरा. माझं उत्तर बरोबर आलं की टेबलावर दोनदा बोट वाजवायचे, तेच माझं बक्षीस. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं त्या टेबलावर गेली, आणि ती मी भावाच्या जागेवर बसून काढली. सुख काही त्यामुळे कमी झालं नाही, हेच तर वाईट.

एकशे बेचाळीस नंबरच्या लेन्सला मात्र बाबांनी कोणाला हात लावू दिला नाही. "जबरदस्ती केली तर लेन्सचेच आटे जातील, राहू दे तसाच," म्हणाले. मला ते सोयीचं होतं. वाकड्या फिल्टरवर हूडही तिरकं बसायचं, आणि फोटोच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक काळी सावली यायची. गिऱ्हाइकांना ती स्टुडिओची खासियत वाटायची. काही जण मुद्दाम मागायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. टेबल, हत्यारं, अठरा कप्पे माझ्या नावाने ठेवले होते. लेन्स ठेवली होती भावाच्या नावाने. माझा तर तिळपापड झाला. धसमुसळ्याला लेन्स! नातेवाईक तोंडावर हात ठेवून हसले. त्याने पेटी घरी नेऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "मला स्टूल देऊ नकोस."

तर ती पेटीतली लेन्स त्या दुपारी टॉवेलात माझ्यासमोर होती. पिवळा फिल्टर आणि हूड त्याने वेगळ्या रुमालांत आणले होते. "पेटी आणली नाही," म्हणाला, "पेटीचा खटका माझ्याकडून तुटला असता."

"तू तिकडे बस," मी म्हटलं. तो खिडकीशी खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. माझ्या टेबलाशी तो नेहमी असाच बसतो. मला ते कधी वेगळं वाटलं नव्हतं.

मी हत्यारं मांडली. रबरी पट्टा, पातळ तेल, रबराचा सपाट तुकडा. खरं सांगायचं तर मनातून मला तो फिल्टर निघायला नकोच होता. नाही निघाला तर 'जमत नाही रे' म्हणून मोकळं होता येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. किती घट्ट आहे बघावं म्हणून मी दोन बोटं फिल्टरच्या कडेवर टेकवली, नुसती टेकवली, आणि तो फिरला.

बरणीचं झाकण फिरावं तसा फिरला. तीन वळसे, आणि माझ्या हातात आला.

मी भिंग डोळ्याला लावलं. लेन्सवरचे दबलेले आटे कोणीतरी बारीक कानशीने साफ केले होते, इतके हलक्या हाताने, की शोधल्याशिवाय दिसू नये. आट्यांवर राखाडी भुकटी होती. शिसपेन्सिलीची. आटे मऊ फिरावेत म्हणून पेन्सिलीचं शिसं घासायची सवय जगात मी दोघांचीच पाहिली आहे, आणि त्यातली एक मी.

बाबांनी तो फिल्टर सोडवला होता. कधी? शेवटची दहा वर्षं तर त्यांना आटे दिसतही नव्हते. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. माझ्या लग्नाचा फोटो, त्याच लेन्सने काढलेला: उजव्या कोपऱ्यात काळी सावली. शेजारी भाचीच्या पहिल्या वाढदिवसाचा, तोही त्याच लेन्सने: चारही कोपरे स्वच्छ. पंचवीस वर्षं हे दोन फोटो माझ्या नाकासमोर टांगलेले आहेत, आणि मी म्हणे आटे वाचते.

मग मी पुन्हा भिंगातून पाहिलं, कारण पाहिल्याशिवाय राहवेना. आटे जिथे दबले होते, ती जागा नंबराच्या डाव्या अंगाला होती.

आमच्या घरात डावखुरी मी एकटी. 'कोणाचा उद्योग?' हे बाबांना सांगायला कोणाची गरज नव्हती. कानस हातात घेतली त्या मिनिटाला त्यांना कळलं असणार. तरी फिल्टर साफ करून त्यांनी पुन्हा होता तिथे बसवला आणि तोंडातून ब्र काढला नाही. स्वतःच्या एकुलत्या नातीचा पिवळ्या फिल्टरमधून फोटो काढला नाही, का, तर मग फिल्टर सुटल्याचं सांगावं लागलं असतं. शेवटी लेन्स भावाच्या नावाने लिहिली, आणि सांगायचं ते तसंच पोटात ठेवून गेले. मला त्यांचा राग आला. इतका आला, की ते समोर असते तर मी भांडले असते. त्या रागाच्या खाली मला लाज वाटत होती, ती बाबांची नव्हती.

"काय झालं?" भावाने विचारलं. "निघत नाहीये ना? मला वाटलंच. मी तेव्हा फारच आवळला असणार."

ओठांवर उत्तर तयार होतं. 'इतक्या वर्षांत सैल झाला असेल,' एवढं म्हटलं असतं की झालं. पिवळा लावला असता, फोटो काढला असता, सगळे खूश. मी तोंड उघडलंसुद्धा.

"तू नाही आवळलास," मी म्हटलं. "मी आवळला. तू हात लावायच्या आधीच तो अडकलेला होता. मी हूड आणि फिल्टर एकदम बसवायला गेले होते. नंतर तू आलास, आणि बाबा आले, तेव्हा मी पडद्यामागे होते."

 त्याचे हात मांड्यांखालीच होते.

"बाबांना ठाऊक होतं," मी घाईघाईने म्हटलं. "पंचवीस वर्षांपूर्वीच त्यांनी हा सोडवलाय. हे बघ, आटे बघ."

"तू किती वर्षांची होतीस तेव्हा?"

"बारा."

"बाराव्या वर्षाचं मी काही म्हणत नाही." त्याचा आवाज अगदी शांत होता, कचेरीत कोणाची फाइल परत करताना असेल तसा. "पण तिसाव्या वर्षी काय झालं होतं? चाळिसाव्या?"

 पन्नासाव्याचं त्याने विचारलं नाही, त्याची गरजच नव्हती.

तो उठून भिंतीपाशी गेला. भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोसमोर उभा राहिला. वहिनीच्या मांडीवर बाळ, आणि मागे तो, हात पाठीमागे बांधून. आम्ही नेहमी म्हणायचो, काय रुबाबात उभा आहे!

"ही झाली तेव्हा नर्सने माझ्यापुढे धरली," तो म्हणाला. "मी हात मागे घेतले. तीन महिने मी तिला उचललं नाही ताई. सगळे झोपले की पाळण्याशी बसायचो, आणि वाटायचं, माझ्या हातून काही झालं तर? तुला माहितीये ते. तू सगळ्यांना सांगून हसली होतीस."

मी हसले होते. मला आठवत होतं. कोणापुढे हसले, काय शब्दांत सांगितलं, आईने कशी टाळी दिली, सगळं आठवत होतं. मी रडायला लागले, तर तो म्हणाला, "तू नको रडूस आता. तू रडलीस की मला तुझी समजूत घालावी लागेल, आणि ते मला आज करायचं नाहीये."

मी तोंड पुसलं. त्याचं बरोबर होतं.

 खालून झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, आता लेन्स टॉवेलात गुंडाळेल आणि निघेल, आणि रविवारी मी गेले तरी दार उघडेल ती वहिनी. तो वळला, बेसिनशी गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि कोरडे करून टेबलाशी आला.

"ऊठ," तो म्हणाला.

मी उठले. सत्तेचाळीस वर्षांत त्या टेबलाच्या स्टुलावर बाबा आणि मी सोडून कोणी बसलं नव्हतं. तो बसला. रुमालातून पिवळा फिल्टर काढला. 

"सांग," तो म्हणाला. "सगळं सांग. अर्धवट नको."

मी त्याच्यासमोर बसले. "लेन्स टेबलावर उभी ठेव, तोंड वर. फिल्टर वरून नुसता टेकव. तीन बोटांनी धर, आवळू नकोस. आता लगेच पुढे फिरवू नकोस. आधी उलटा फिरव, अगदी हळू. फिरवत राहा. एके ठिकाणी तो केसभर खाली उतरेल, बोटांना कळेल. तिथे आट्याचं तोंड आहे. मग पुढे."

त्याने डोळे मिटले. मान थोडी कलती झाली, कान लेन्सकडे. फिल्टर हळूहळू उलटा फिरला, अर्धा वळसा, थोडा अजून, आणि टक झालं. मला ऐकू आलं नाही. त्याचा चेहरा पाहून कळलं.  मग त्याने तो पुढे फिरवला, तीन वळसे, आणि जिथे थांबायचं तिथेच थांबला, एक केसभर जास्त नाही. हूड घेतलं. पुन्हा उलटं, पुन्हा टक, पुन्हा पुढे. सरळ बसलं. मी भिंग न लावताच सांगू शकत होते.

ते आट्याचं तोंड बाबांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सापडायचं. मला आजही दोनदा फिरवावं लागतं. त्याला पहिल्याच खेपेला सापडलं. आमच्या घरातला सगळ्यात हलका हात माझ्यासमोर टेबलावर होता, आणि त्याने आयुष्यभर फाइली उचलल्या होत्या.

"तुझा हात बाबांहून चांगला आहे," मी म्हटलं. मला ते म्हणायचा हक्क नव्हता, पण खरं होतं आणि या खोलीत ते सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

 मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याने हूड काढलं, फिल्टर काढला, दोन्ही टेबलावर ठेवले, आपले हात एकदा उताणे करून पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. झालं की पुन्हा काढलं. पुन्हा लावलं. पाचव्या खेपेपर्यंत मी मोजलं. पुढे मला नीट दिसेना.